फुकटचा पियानो

हडपसरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात पियानो येणार, या बातमीने मागच्या महिन्यात लेक हरखून गेली होती. कॅम्पातल्या ओळखीच्या एक वृद्ध बाई घर बदलत होत्या. “पैसे नकोत, फक्त उचलून न्या,” त्या म्हणाल्या. आम्ही टेम्पोही ठरवायला निघालो होतो. सुदैवाने आधी एका जाणत्या ट्यूनरला सोबत नेले.

पियानोला ८८ पट्ट्या आणि दोनशेहून जास्त तारा. त्या तारांचा एकूण ताण कित्येक टनांचा असतो. तंबोऱ्यासारख्याच त्यांना खुंट्या असतात, लाकडी फळीत घट्ट रोवलेल्या. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. वर्षानुवर्षे असे झाले की फळीला चीर पडते आणि खुंट्या ढिल्या होतात. मग आज सूर लावला तरी तो टिकत नाही. ट्यूनरने नेमके हेच दाखवले. आतल्या हातोड्यांच्या नमद्यालाही कसर लागली होती. दुरुस्तीच्या खर्चात दुसरे वाद्य आले असते. दोनशे किलोंचे धूड जिन्याने चढवायची मजुरी वेगळीच.

बाईंना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनाच वाईट वाटले. लेक दोन दिवस बोलली नाही.

शेवटी आम्ही वापरलेला डिजिटल पियानो शोधला. ८८ पट्ट्यांचा, बोटांना खऱ्या पियानोसारखा जडपणा जाणवणारा. हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर हात बसला की पुढे पियानोवर बोटे अडखळतात, म्हणून हे पाहणे जरुरीचे. दुकानात नुसती एखादी धून ऐकून खूश होऊ नये. प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून पाहावी, पेडल तपासावे.

विकणाऱ्या तरुणाने आपणहून सांगितले, “वरच्या बाजूची एक पट्टी कधी कधी अडकते.” त्याने दामही कमी केले. आम्ही तिथेच सौदा पक्का केला.

घरात वाद्य असावे की नाही, याबाबत घराघरांत मते वेगळी असतात. आमच्या दादींनाही ते फारसे पसंत नव्हते. त्यांची एकच अट: नमाजच्या वेळी आवाज नको. आता लेक अभ्यास आटोपून हेडफोन लावून बसते. शेजाऱ्यांचीही तक्रार नाही.

उद्या हा पियानो विकायची वेळ आली, तर ती अडकणारी पट्टी आम्ही सर्वांत आधी दाखवू.