झुलीचे टाके

यंदा शिमग्याला डिचोलीला आक्काकडे गेलो होतो. ढोल-ताशांच्या गजरात घोडेमोडणी रंगली होती. कमरेला लाकडी घोडा, त्यावर रंगीत झूल, हातात तलवार. नाचता नाचता एकाची झूल टर्रकन फाटली. कडेला बसून कुणीतरी चार टाके घातले आणि गडी पुन्हा नाचायला मोकळा!

शेजारी भाचा उभा होता. पशुवैद्यकी शिकतो. म्हणाला, "मामा, काही खऱ्या घोड्यांची कातडीही अशीच फाटते. पण तिथं टाके टिकत नाहीत."

अमेरिकेत गुरं वळवणाऱ्या 'क्वार्टर हॉर्स' जातीत 'हर्डा' नावाचा आनुवंशिक रोग आहे. कातडीला बळकटी देणारे कोलॅजनचे धागे नीट घडतच नाहीत. शिंगरू जन्मतः धडधाकट दिसतं. दोनेक वर्षांनी पाठीवर खोगीर चढलं, की कातडी सैल पडून सुटते, जखमा होतात, भरल्या तरी व्रण राहतात. औषध नाही.

"मग खोगीर घासलं म्हणून जखम झाली, असंच वाटत असेल," मी म्हणालो.

"वाटायचंच. कातडीचा तुकडा तपासूनही खात्री होत नसे. २००७ साली जनुकातला दोष सापडला. आता केसाच्या मुळावरून निदान होतं. आणि मुख्य म्हणजे, वरून निरोगी दिसणारा वाहकही ओळखता येतो."

दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच रोग होतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक शिंगराला धोका चारात एक. १९४४ साली जन्मलेल्या 'पोको ब्युएनो' या नामांकित घोड्याच्या वंशात हा रोग प्रामुख्यानं दिसतो. चांगलं रक्त जपायचं म्हणून त्याच वंशातले नर-मादी पुन्हा पुन्हा जुळवले गेले आणि लपलेला दोष समोरासमोर आला.

रात्री जेवताना आक्कानं विषय काढला. "तुझी लेक आमच्याच घरात येऊ दे. मामाच्या मुलीवर आतेच्या मुलाचा पहिला मान!"

सौभाग्यवतीचं माहेर धारवाडचं. तिकडं तर सोदरमावालाही मुलगी देतात. ती खुशीत हसली. मी मात्र ताटाकडे बघत राहिलो. सख्ख्या आते-मामे भावंडांत साधारण आठवा हिस्सा रक्त सारखं असतं, मामा-भाचीत चौथा. अशा बहुतेक जोडप्यांची मुलं सुदृढच होतात, हे खरं. पण लपलेले दोष जुळण्याची शक्यता वाढते, हेही तितकंच खरं. माणसांतही सैल, नाजूक कातडीचे आनुवंशिक आजार आहेतच.

"आक्का," मी म्हटलं, "आधी मुलांना विचारू. त्यांची मर्जी असली, तर पत्रिकेआधी आनुवंशिकतेच्या डॉक्टरांकडे जाऊ. दोन्ही घरांत कुणाला काय आजार होते, तेही न लपवता सांगू."

आक्का फुरंगटली. "आमच्या रक्तात खोट काढतोस होय रे?"

"तुझं नि माझं रक्त एकच की गं. म्हणूनच म्हणतो."

भाचा खाली मान घालून हसत होता. घोड्याची गोष्ट त्यानं मलाच का सांगितली, ते तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

झुलीला टाके घालता येतात. सोयरीक मात्र आधीच पारखावी.