धंदा रंगाचा, संशोधनही रंगाचे व्हावे

आमच्या बिरादरीत मुलगा एम.एस्सी. झाला की वडीलधारे विचारतात, ‘आता दुकानावर कधी बसणार?’ मुलगी झाली तर तेवढेही विचारत नाहीत. स्थळे पाहू लागतात. आमच्या भाचीने रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून पीएच.डी.ची गोष्ट काढली, तेव्हा पहिला नकार आमच्याच तोंडून निघाला. तीस वर्षे रंगीत कापड विकून आम्ही असे बोललो, याची खंत वाटते. म्हणून हे लिहीत आहोत.

कापड व्यापाऱ्यांनी माटुंग्याकडे पाहावे. तिथली रसायन तंत्रज्ञान संस्था, जुन्या लोकांची ‘यूडीसीटी’, १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. कापडाचे रसायनशास्त्र हा तिथला सुरुवातीपासूनचा विषय. २००८ साली ती अभिमत विद्यापीठ झाली. गरिबीत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर १९६९ साली इथलेच पीएच.डी. झाले.

आपला याच्याशी काय संबंध? १९९४ साली जर्मनीने काही ॲझो रंगांविरुद्ध कायदा केला, कारण त्यांतून कॅन्सरकारक अमाइन सुटू शकतात. तेव्हा आम्ही वालिदांच्या गादीवर नवखे होतो. एका गिऱ्हाइकाने रंगाच्या तपासणीचा दाखला मागितला आणि आम्ही एकमेकांची तोंडे पाहत राहिलो. सौदा गेला. रंग विकणारे, रंगवणारे आपण. पण रंग समजणारा आपल्यात कोणी नव्हता.

आता पैशाची गोष्ट. नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून ठरलेल्या दराने पहिली २ वर्षे महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. घरभाडे भत्ता वेगळा. गेट परीक्षेची आणि संशोधन प्रकल्पांची वाटही आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान मुदत ३ वर्षे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते. स्त्रियांना मुदतीत २ वर्षांची जादा सवलत आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. पीएच.डी.नंतर पोस्ट-डॉक्टरल काम मिळाले तर दोन-तीन वर्षे दुसऱ्या प्रयोगशाळेत हात तयार होतो. ते काम मानधनाचे, पण कायमचे नव्हे.

खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ साली बंद करण्यात आली. इतर फेलोशिपचे पैसेही कधी कधी महिनोन्महिने अडकतात. उधारीचा धंदा करणाऱ्यांना हे नवीन नाही! अशा वेळी व्यापारी जमातींनी कर्ज-ए-हसनाची सोय केली, तर पोरांचे शिक्षण अर्ध्यावर सुटणार नाही. लग्नातल्या एका जेवणाच्या खर्चात एका विद्यार्थ्याचे वर्ष निघते.

राहिली इंग्रजीची भीती. आम्हीही उर्दू माध्यमाचे. ही भीती कच्च्या रंगासारखी असते. दोन-चार धुण्यांत उतरते.

भाची सध्या नेटची तयारी करते आहे. परवा आमच्याच दुकानातल्या एका थानाचा रंग का सुटतो, ते तिने आम्हाला समजावून सांगितले. तीस वर्षे आम्ही गिऱ्हाइकाला एवढेच सांगत आलो होतो, ‘थंड पाण्यात धुवा.’