भिंतीवर अल-ख्वारिझ्मी, वहीत नुसत्या ट्रिक्स

आपल्या वस्तीत नवी शाळा निघते तेव्हा आनंद होतोच. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती, नाहीतर मध्येच गळली होती. तिथून आज गल्लीच्या तोंडाशी शाळेची बस उभी राहते इथपर्यंतचा रस्ता लोकांनी वर्गणी काढून, जागा देऊन कापला आहे. पण शाळा निघाली म्हणजे शिक्षण मिळालं, असं मानून गप्प बसायचे दिवस आता संपले. आत काय शिकवतात, हे विचारायची वेळ आली आहे. तिसरीतल्या मुलीची आई म्हणून मी गणितापासून सुरुवात करते.

आमच्या नव्या शाळेने गणितासाठी एका कंपनीचं पॅकेज घेतलं आहे. आठवड्याला गणिताच्या सहा तासिका. त्यातल्या चार अबॅकस आणि ‘वैदिक गणिता’ला, उरलेल्या दोन पाठ्यपुस्तकाला. वर्कबुकांचे पैसे वेगळे. शिक्षिकांना कंपनीने दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं, संपलं. गॅदरिंगला मुलं स्टेजवर ९८ गुणिले ९७ तोंडी सांगतात, पालक मोबाइलवर शूटिंग करतात, ट्रस्टी टाळ्या वाजवतात.

ती ट्रिक अशी आहे. ९८ शंभराला २ कमी, ९७ शंभराला ३ कमी. ९८ मधून ३ काढा, ९५. दोन त्रिक सहा. उत्तर ९५०६. बरोबर आहे, आणि सुंदरही आहे. पण हे का जमतं, ते स्टेजवरच्या मुलाला विचारून बघा. किंवा त्यालाच ४८ गुणिले २३ द्या. माझ्या मुलीला मी विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? ती क्षणात म्हणाली, एक चतुर्थांश, कारण तीनपेक्षा चार मोठे. उत्तर द्यायचा वेग भरपूर आहे. समज मात्र अजून सुरूच झालेली नाही.

खरं तर त्याच ट्रिकमधून समज देता आली असती. ९८ शंभर वेळा घेतले तर ९८०० होतात. आपल्याला घ्यायचे होते ९७ वेळा, म्हणजे तीन वेळा जास्त झाले. म्हणून ३०० काढले. पण काढायचे होते तीन वेळा ९८, काढले तीन वेळा १००. सहा जास्त गेले, ते परत दिले. ९५०६. दहा मिनिटांचं काम आहे, आणि मूल बीजगणिताच्या दारात उभं राहतं. पॅकेजमध्ये ही दहा मिनिटं नाहीत, कारण त्यांचा व्हिडिओ होत नाही.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहींनी हरकत घेतली ती वेगळीच. ‘वैदिक’ हे आपल्या शाळेत कशाला, असा त्यांचा सवाल. ही हरकत मला अजिबात मान्य नाही. पुरीच्या शंकराचार्यांच्या नावावर १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातल्या या युक्त्या वेदांतल्या नाहीत, हे गणितज्ञ श्री. गो. दाणी यांनी केव्हाच लिहून ठेवलं आहे. तो वाद बाजूला ठेवा. उद्या याच युक्त्या कोणी ‘इस्लामी गणित’ म्हणून विकल्या तरी माझी हरकत तीच राहील. गणिताला मजहब नसतो. चाळीसगावजवळच्या पाटणला ज्यांचा वारसा सांगणारा शिलालेख आहे, त्या भास्कराचार्यांची ‘लीलावती’ अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये फार्सीत आणली. ती कोणाची, असं त्याने विचारलं नाही.

आणि आपल्या बाजूचा अभिमान? शाळेच्या व्हरांड्यात अल-ख्वारिझ्मीचं मोठं चित्र आहे. अल्जेब्रा हा शब्द त्याच्या पुस्तकाच्या नावातून आला, असं मुलांना पाठ आहे. पण नवव्या शतकात बगदादमध्ये त्याने लिहिलं काय? समीकरण सोडवायची रीत सांगून तो थांबला नाही. चौरस आणि आयत काढून ती रीत का बरोबर आहे, ते त्याने दाखवलं. आणि त्या पुस्तकाचा मोठा भाग आहे वारसाहक्काच्या वाटण्यांचा, म्हणजेच अपूर्णांकांचा. ज्याचं चित्र भिंतीवर आहे त्याचं गणितच वर्गातून गायब आहे.

अपूर्णांक ही चैन नाही. पत्नीला एक अष्टमांश, आईला एक षष्ठांश, उरलेलं मुलगा आणि मुलगी यांच्यात दोनास एक. छेद २४ धरला तर पत्नीचे ३ भाग, आईचे ४, उरले १७. त्याचा तिसरा हिस्सा मुलीचा, म्हणजे ७२ पैकी १७ भाग. वाटणीच्या दिवशी किती बहिणींना हे स्वतः मांडता येतं? ‘भाईजान देतील ते खरं’ असं म्हणत त्या सही करतात. सोनं गहाण ठेवताना महिना दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस, हे न कळल्याने घरं बुडतात. पुढे बीजगणित आलं की अपूर्णांक कच्चे असलेलं मूल तिथेच अडकतं. मग पॉलिटेक्निक, इंजिनिअरिंग, बँकेच्या परीक्षा, एमपीएससी, एकेक दार बंद होतं. आणि मुलगी असेल तर ‘मुलींना गणित झेपत नाही’ हा शिक्का तयारच असतो.

ट्रस्टी म्हणतात, पालकांनाच हे हवं असतं, यावरच प्रवेश होतात. अबॅकसने एकाग्रता वाढते, असंही म्हणतात. पहिलीत एकक-दशक समजायला मणी जरूर वापरा. शाळा सुटल्यावर छंद म्हणून क्लास चालवा. पण गणिताच्या तासिका कापून नको. पॅकेजवरचा पैसा शिक्षिकांच्या पगारावर आणि चांगल्या प्रशिक्षणावर घाला.

आमची शाळा अल्पसंख्याक दर्जाची आहे. २०१४ च्या ‘प्रमती’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, असं ठरवलं. म्हणजे बाहेरून विचारणारे कमी झाले. संविधानाच्या कलम ३० ने शाळा चालवायचा हक्क समाजाला दिला आहे, मूठभर ट्रस्टींना नाही. तेव्हा आतून विचारणं ही आपलीच जबाबदारी. राज्याच्या २०११ च्या फी नियमन कायद्याने खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ आवश्यक केला आहे. वर्कबुकांच्या पैशांचा हिशेब मागायला सुरुवात तिथूनच करता येते.

तुमच्यापैकी अनेक जण घरातले पहिले पदवीधर आहात. अम्मी-अब्बा सभेत बोलायला कचरतात, इंग्रजीतलं माहितीपत्रक त्यांना दडपून टाकतं. धाकट्या भावंडांसाठी पुढच्या पालकसभेला तुम्ही जा. तीनच प्रश्न विचारा. पाठ्यपुस्तकाला आठवड्यात किती तासिका? अपूर्णांक कधी आणि कशाने शिकवणार? हे पॅकेज कोणी, काय तपासून निवडलं? आणि एखादं मूल फळ्यावर झटपट उत्तर काढून दाखवेल, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी त्याला मायेने विचारा: ‘बेटा, का?’