विनंतीवरून

इंदूरच्या छत्रीबागेतल्या एका घरी परवा एक फाइल पाहिली. नऊ वर्षांची मुलगी, ब्लड कॅन्सर, दोन वर्षांचे उपचार. जाडजूड फाइल, रिपोर्ट तारखेनुसार लावलेले. शेवटच्या पानावर डिस्चार्जच्या कारणांचे छापील रकाने आहेत. खूण केली आहे ती 'नातेवाईकांच्या विनंतीवरून' या रकान्यात.

विनंती केली कोणी? डॉक्टरांनी वडिलांना बाजूला बोलावून सांगितलं, "अब घर ले जाओ, सेवा करो." वडिलांनी मान हलवली. खाली सही केली. तेवढ्याने ती त्यांची विनंती झाली. या खुणेत काही गैर आहे असं तिथे कोणाच्या मनातही आलं नसेल. दुसरा सोयीचा रकानाच नसतो. पण पुढे कोणी विचारलंच, तर पोरीला घरी कोणी नेलं याचं उत्तर तयार आहे.

'सेवा करो' मात्र कागदावर कुठेच नाही. ते तोंडीच. दुखण्यावरच्या गोळीपुढे लिहिलंय, 'लागल्यास'. आईने मला विचारलं, "लागली हे ठरवायचं कोणी? ती तर आताशा रडतही नाही." नाकातल्या नळीतून पेज घालायची, ती किती पातळ? तोंड आलंय, ते कशाने पुसायचं? श्वास घरघरायला लागला तर बसवायचं की कुशीवर वळवायचं? ही उत्तरं ती मोबाइलवर व्हिडिओ बघून शोधते. उशाशी वाटीत कापूस, शेजारी गजर लावलेला फोन. सहा वर्षांच्या धाकट्याला देवासला मामाकडे ठेवलंय. ताई अजून दवाखान्यात आहे, असं त्याला सांगितलंय.

मुलांचं हॉस्पिस या सगळ्यासाठी असतं. हा शब्द निघाला की आपल्याकडे घरातली मोठी माणसं कानांवर हात ठेवतात. अशा घराची सुरुवात कशी झाली ते ऐकलं तर कदाचित ठेवणार नाहीत. ऑक्सफर्डमध्ये सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका हेलन नावाच्या एका आजारी मुलीला मधूनमधून आपल्याकडे सांभाळायला घेत. कशासाठी? तिच्या आईवडिलांना चार रात्री नीट झोपता यावं म्हणून. त्यातून १९८२ साली हेलन हाउस उभं राहिलं. मुलांचं जगातलं पहिलं हॉस्पिस, आणि त्याच्या मुळाशी आईबापांची झोप. अशा घरांत भावंडांनाही जागा असते. त्यांना खोटं सांगून मामाकडे धाडावं लागत नाही. मुंबईत सायनला हॅपी फीट होम आहे, २०१४ पासून. तिथे आजारी मुलं दिवसा येतात, खेळतात, शिकतात.

जागतिक आरोग्य संघटनेची पॅलिएटिव्ह केअरची व्याख्या याहून पुढे जाते. मुलांची ही काळजी निदानाच्या दिवशी सुरू व्हावी आणि उपचार चालू असतानाच सोबत चालावी, असं ती म्हणते. म्हणजे फाइलच्या पहिल्या पानापासून. केमो चालू असतानाच कोणीतरी आईला नळी हाताळायला शिकवायचं, धाकट्याशी बोलायचं, दुखणं मोजायला शिकवायचं. दुखण्यावरचं औषधही घड्याळाच्या हिशेबाने द्यायचं, 'लागल्यास' नव्हे. दुखणं जोराचं असेल तर मॉर्फिन. ते पोटातून देता येतं, साधारण दर चार तासांनी, आणि महागही नाही. त्याच्या परवान्यांचं जंजाळ २०१४ च्या कायदादुरुस्तीने बरंच सोडवलं. केंद्राचा या काळजीसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम तर २०१२ चा. या फाइलमध्ये त्यातलं काहीच उतरलेलं नाही.

दोन वर्षांत या घराने रुग्णालयाकडे खरोखरच्या विनंत्या पुष्कळ केल्या. खाट लवकर मिळावी. सुई एकदाच टोचावी. आजीला पाच मिनिटं आत सोडावं. त्यातली एकही फाइलमध्ये नोंदलेली नाही. नोंदली गेली ती एकच, न केलेली.

या घराच्या गच्चीवरून होळकरांच्या छत्र्या दिसतात. गेलेल्यांची सोय आपल्या गावाने कधी कमी पडू दिली नाही.

परवाच्या रात्री दोन वाजता मुलीचा श्वास अडखळला. वडिलांनी फाइल उघडून फोन नंबर शोधला. पहिल्या पानावर एक आहे. बिलिंग काउंटरचा, सकाळी दहा ते सहा.