चार पोथ्या आणि विडीवाली

सोलापुरांत विडी वळणारी बाई पानें नि तंबाखू घरीं आणते, दिवसभर सुपावर मान मोडते आणि हजाराच्या हिशेबानें मजुरी घेते. कारखान्यांत तिच्या विड्यांची छाट होते, ती न्यायाची कीं अन्यायाची, हा तिचा जुना झगडा. या तंट्याचा निकाल सरकारनें नेमलेल्या अधिकाऱ्यानें करावा, असें १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याच्या ३९ व्या कलमांत लिहिलें होतें. तो कायदा अवघ्या ४४ कलमांचा.

आतां तो राहिला नाहीं. केंद्र सरकारनें २९ कामगार कायदे मोडून चार संहिता केल्या व २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अंमलांत आणल्या. एकोणतीसाचे चार झाले, ओझें उतरलें, असें कोणी म्हणेल. वाचकहो, मोजून पाहा. वेतनाचीं ६९ कलमें, औद्योगिक संबंधांचीं १०४, सामाजिक सुरक्षेचीं १६४, कामावरील सुरक्षेचीं १४३, एकूण ४८०! नियम निराळेच. शेवटल्या संहितेंत खाणी, गोद्या, पत्रकार नि मोटारवाहतूक यांच्या गर्दींत आमची विडीवाली कोंबली आहे. मजुरी एका पोथींत, तंटा दुसरींत, फंड नि बाळंतपण तिसरींत, कारखान्याचा परवाना चौथींत. पूर्वींही किमान वेतन नि फंड यांचे कायदे वेगळे होते, हें कबूल. पण तिच्या नांवाचा एक कायदा तरी होता. वकिलांचें मात्र बरें आहे.

कायदा वाचतां येणारा आणि न येणारा यांत काय फरक पडतो, हें या जिल्ह्यानें पूर्वीं भोगलें आहे. सावकारांविरुद्ध १८७५ सालीं दंगे झाले, तेव्हां १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. न्यायाधीशानें रोख्यामागें जाऊन मूळ हिशेब तपासावा, हा हेतु चांगलाच होता. पण सावकार गहाणाऐवजीं खरेदीखत लिहून घेऊं लागला. पळवाट त्याला वाचतां आली. अंगठा उठविणाऱ्या कुणब्याला ती दिसली जमीन गेल्यावर!

केंद्रीय कायद्यांचे अधिकृत पाठ प्रादेशिक भाषांत काढण्याची सोय १९७३ च्या कायद्यानें झालेली आहे. तेव्हां सरकारनें या ४८० कलमांतून विडी कामगारांपुरतीं निवडून, मराठींत व पूर्व भागांतील बायांसाठीं तेलुगूंतही, मोठ्या अक्षरांत एका पानावर छापावींत आणि प्रत्येक विडी कारखान्याच्या दारावर लावावींत. छाटीबद्दल अर्ज कोणाकडे करावयाचा, हें त्यांत पहिल्या ओळींत असावें.