विश्लेषण : तान्ह्या बाळांच्या उपचार-चाचण्यांना पैसा कोण देणार?

जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचे शरीर तीन दिवस ३३.५ अंश सेल्सिअसवर ठेवायचे. श्रीमंत देशांत हा उपचार प्राण वाचवणारा ठरला आणि भारतातही काही नवजात अतिदक्षता विभागांनी तो स्वीकारला. पण आपल्याकडच्या बाळांना तो मानवतो का? हे तपासणारी ‘हेलिक्स’ ही मोठी चाचणी २०१५ मध्ये सुरू झाली. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील ४०८ बाळे तिच्यात होती. मुंबईचे शीव रुग्णालयही सहभागी होते. २०२१ मध्ये निकाल आला. शरीर थंड ठेवलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३१ टक्के.

म्हणजे चांगल्या हेतूने केला जाणारा उपचार इथे घातक ठरत होता. ते उघड करणाऱ्या चाचणीचा निधी आला ब्रिटनची सरकारी आरोग्य संशोधन संस्था, तिथलाच एक धर्मादाय न्यास आणि गेट्स फाउंडेशनकडून. बाळे आपली, प्रश्न आपला, तिजोरी मात्र दुसऱ्याची.

कंपन्या पुढे का येत नाहीत?

कारण त्यांना विकायला काही उरत नाही. नवजात विभागात वापरली जाणारी बरीच औषधे जुनी, पेटंट संपलेली आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास अडखळू नये म्हणून कॅफिन देतात. २००६ बाळांवरची त्याची चाचणी कॅनडाच्या सरकारी पैशातून झाली. कमी वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी धरण्याची ‘कांगारू’ पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत तपासली. मृत्यूचे प्रमाण २५ टक्क्यांनी घटले. आईच्या उबेचे पेटंट कोण घेणार?

खर्च एवढा का?

एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून ८०-९० मिलिलिटर रक्त असते. जेमतेम एक कटिंग चहा! त्यामुळे औषधाची रक्तातली पातळी मोजायला थेंबाथेंबावर चालणारे तंत्र लागते. मोठ्यांचा डोस वजनाच्या हिशेबाने कमी करून भागत नाही, कारण यकृत आणि मूत्रपिंडे अजून तयार होत असतात. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाने १९५० च्या दशकात नवजात बाळांचे बळी घेतले, ते यामुळेच.

खरा खर्च मात्र घरी सोडल्यानंतर सुरू होतो. मेंदूवर परिणाम झाला का, हे कळायला दीड-दोन वर्षे थांबावे लागते. तोवर कुटुंब ऊसतोडीला किंवा दुसऱ्या शहरात गेलेले असू शकते. त्यांना शोधणे, प्रवासखर्च देणे, प्रशिक्षित व्यक्तीकडून विकासाची तपासणी करणे, याला वर्षानुवर्षे पैसा लागतो. कॅफिन चाचणीतल्या मुलांची तपासणी तर अकराव्या वर्षापर्यंत झाली.

इतरांनी काय केले?

मुलांवर अभ्यास करणाऱ्या कंपनीला सहा महिन्यांची जादा मक्तेदारी, असे आमिष अमेरिकेने १९९७ मध्ये आणि युरोपीय संघाने २००७ मध्ये दिले. नव्या औषधांना ते लागू पडले. जुन्यांसाठी अमेरिकेने २००२ च्या कायद्याने सरकारी संशोधन संस्थेवर जबाबदारी टाकली. आपल्या उपयोगाचा धडा हा दुसरा आहे.

भारताचे काय?

२०१९ च्या नियमांनुसार चाचणीत इजा झाल्यास उपचार आणि भरपाई देणे प्रायोजकाला बंधनकारक आहे. ते योग्यच. पण कंपनी पाठीशी नसलेल्या सरकारी महाविद्यालयातल्या डॉक्टरला हा भार आणि विम्याचा खर्च पेलणे कठीण जाते. आयसीएमआर निधी देते, मात्र फक्त नवजातांसाठी राखीव, सात-आठ वर्षे टिकणारा आणि विमा व पाठपुरावा दोन्ही धरणारा निधी हवा.

इथल्या पुराव्याचे मोल आपल्याला नवे नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ने ३९ गावांत घरोघरी नवजात सेवा देऊन पाहिली, १९९९ मध्ये निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११ पासून तीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली. आता जिल्हा रुग्णालयांच्या नवजात कक्षांत रोज टोचल्या जाणाऱ्या जुन्या औषधांची यादी करून, त्यातली कोणती आपल्या बाळांवर कधीच नीट तपासलेली नाहीत, एवढे सरकारने आधी जाहीर करावे. निधीची पहिली मागणी त्या यादीवरूनच ठरेल.