‘माथेफिरू’ म्हणण्यापूर्वी

कुठे मोठा दहशतवादी हल्ला झाला, की ओपीडीत कुणीतरी विचारतेच, ‘डॉक्टर, यांचा म्होरक्या वेडाच असणार ना?’ बातम्यांतही ‘माथेफिरू’ हा शब्द सर्रास येतो. या उत्तराने मनाला दिलासा मिळतो, पण ते बहुतेक वेळा चुकीचे असते.

टोकियोचे उदाहरण पाहू. २० मार्च १९९५ रोजी सकाळच्या गर्दीत तिथल्या भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत सरिन हे मज्जासंस्थेवर घाला घालणारे विष सोडण्यात आले. हजारो लोक बाधित झाले. मृतांची संख्या पुढे १४ झाली; त्यातली शेवटची महिला २५ वर्षे अंथरुणाला खिळून २०२० मध्ये गेली. हा कट ओम शिनरिक्यो या पंथाचा. त्याचा प्रमुख शोको असाहारा चटया बनवणाऱ्या गरीब कारागिराचा मुलगा. नजर लहानपणापासून अधू, शिक्षण अंधशाळेत. १९८२ मध्ये विनापरवाना औषधे विकल्याबद्दल त्याला अटक झाली. दोन वर्षांनी त्याने योगवर्ग काढला आणि त्यातूनच हा पंथ उभा राहिला.

गरिबी, अपंगत्व आणि अपयश हीच कारणे, असे म्हणावेसे वाटते. पण अल् कायदाचा अयमान अल् जवाहिरी स्वतः शल्यचिकित्सक होता, वडील औषधशास्त्राचे प्राध्यापक. पेरूतील ‘शायनिंग पाथ’चा अबिमाएल गुझमान तत्त्वज्ञान शिकवत असे. श्रीलंकेतील प्रभाकरनचे वडील सरकारी अधिकारी होते, तो स्वतः मात्र शाळा अर्धवट सोडलेला. या पार्श्वभूमींना एका साच्यात बसवता येत नाही.

मानसिक आजाराचेही तसेच. दहशतवाद्यांचा दीर्घकाळ अभ्यास केलेले अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जेरॉल्ड पोस्ट यांचे मत होते, की यातले बहुतेक जण वैद्यकीय अर्थाने मनोरुग्ण नसतात. असाहारा आजारी असल्याचा त्याच्या वकिलांचा दावाही न्यायालयाने मानला नाही. ‘माथेफिरू’ शब्दाची खरी किंमत मोजतो तो आमचा स्किझोफ्रेनियाचा रुग्ण. तो हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता जास्त, तरी लोक त्यालाच घाबरतात आणि घरचे त्याला दवाखान्यात आणायला लाजतात.

मग या म्होरक्यांत समान काय? मला तीन गोष्टी दिसतात. स्वतःची किंवा समाजाची जखम ते एकाच शत्रूच्या माथी मारतात. आपले चुकूच शकत नाही, अशी त्यांची खात्री असते. भाकीत फसले तर दोष शत्रूचा किंवा अनुयायाच्या कच्च्या श्रद्धेचा. आणि समोरच्याचे दुःख त्यांना अचूक ओळखता येते. आधी ते आपलेपणा देतात, मग घर, पैसा, मित्र, बाहेरची माहिती असे एकेक दार बंद करत जातात. जिवाची जोखीम मात्र बहुधा अनुयायांच्या वाट्याला येते. त्या दिवशी गाडीत असाहारा नव्हता.

गाडीत होता डॉ. इकुओ हायाशी. नामांकित केइओ विद्यापीठाचा पदवीधर, हृदयशल्यचिकित्सक. विषाची पिशवी त्याने छत्रीच्या टोकाने फोडली आणि त्याच्या गाडीमुळे रेल्वेचे दोन कर्मचारी मरण पावले. पुढे त्याने कबुली दिली. १९९८ मध्ये जन्मठेप झाली. अनेक वर्षे सरकारी रुग्णालयात काढलेल्या माझ्यासारख्याला असाहारापेक्षा हायाशी जास्त अस्वस्थ करतो. सरिन शरीरात काय करते, हे डॉक्टरला सांगावे लागत नाही. तरीही हात थांबला नाही, कारण प्रश्न विचारण्याची सवय त्याने गुरूपाशी गहाण टाकली होती. पदवी ही काही त्यावरची लस नव्हे.

म्हणून म्होरक्याचा चेहरा शोधत बसू नका, घरातल्या माणसात होणारा बदल पाहा. मुलगा जुने मित्र तोडतोय का? पैसे कुठे जातात हे लपवतोय का? चालू औषधे कुणाच्या सांगण्यावरून बंद केली का? त्याच्या गटात ‘हे मला पटत नाही’ असे म्हणता येते का, आणि म्हणणाऱ्याचे पुढे काय होते? उत्तरे काळजी वाढवणारी असतील तर रागावून दार लावू नका. बाहेरची सगळी दारे बंद झालेल्या माणसाला परत यायला घराचे एक दार उघडे लागते.